जर्मनांची तारीख, मेक्सिकोची सकाळ आणि आपलं "झालंच"

परदेशी टीमशी वेळेवरून वाद झाला की काय करायचं, हा तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं आणि मग लगेच वाईटही वाटलं, कारण गेली 21 वर्षं सॉफ्टवेअरमध्ये मी हेच करतेय, आधी टेस्टर, मग लीड, आता डिलिव्हरी बघते, आणि दर सहा-आठ महिन्यांनी कोणीतरी हाच प्रश्न नव्याने घेऊन येतंच. मला नीट समजलंय का बघा. तुमची टीम हिंजवडीत, सॉफ्टवेअरचा आराखडा करणारा आर्किटेक्ट आणि काय बनवायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर जर्मनीत स्टुटगार्टला, टेस्टिंगची माणसं मेक्सिकोत, आणि पैसे मंजूर करणारा साहेब अमेरिकेत ईस्ट कोस्टला. जर्मन आर्किटेक्टने सगळ्यांना सीसी करून लिहिलं की पुण्याच्या टीमला वेळेची किंमत नाही. तुमची पोरं रात्री अकरा-अकरापर्यंत बसतात, त्यामुळे ते जिव्हारी लागलं. मॅनेजर म्हणतो हा कल्चरल इश्यू आहे, एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवू. आणि जाता जाता तुम्ही एक ओळ टाकलीय, "मेक्सिकोवाले तर आमच्याहून बेकार, रोज दहा मिनिटं लेट, ती मंडळी मुळातच निवांत". या ओळीवर मी नंतर येणार आहे, ती काही मी सोडत नाही.

आधी ट्रेनिंगचं. होऊ दे, जेवण चांगलं असतं. पण त्यात काय सांगतील ते आत्ताच सांगते. एडवर्ड हॉल नावाचा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ होता, 1950 च्या दशकात तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या लोकांना बाहेरदेशी जाण्याआधी शिकवायचा. वेळेकडे बघायच्या दोन तऱ्हा त्याने मांडल्या, एक मोनोक्रोनिक म्हणजे एका वेळी एकच काम, वेळापत्रक आधी, यात जर्मन, स्विस, अमेरिकन वगैरे, आणि दुसरी पॉलिक्रोनिक म्हणजे एका वेळी चार कामं, समोरचा माणूस आधी आणि घड्याळ नंतर, यात अरब, लॅटिन अमेरिकन, आणि ट्रेनरच्या स्लाईडवर आपणही. दुसरी स्लाईड रॉबर्ट लेव्हाईनची असेल. त्याचा 31 देशांचा अभ्यास 1999 साली छापून आला, मोठ्या शहरांत लोक किती भरभर चालतात, पोस्टात एक साधं तिकीट घ्यायला किती वेळ लागतो आणि बँकांमधली घड्याळं किती बरोबर असतात हे त्याने मोजलं होतं. स्वित्झर्लंड पहिला, आयर्लंड दुसरा, जर्मनी तिसरा, जपान चौथा, मेक्सिको शेवटून पहिला. ट्रेनर इथे तुमच्याकडे बघून समजूतदारपणे हसेल. गंमत म्हणजे त्या 31 देशांत भारत नव्हताच! आणि त्याने मोजला होता जगण्याचा वेग, दिलेला शब्द पाळतात का ते नाही. पोस्टातला कारकून तिकीट सावकाश देतो यावरून टेस्टर सोमवारी रिपोर्ट देईल की नाही हे कसं काय ठरवणार?

आपण जन्मजात ढिले आहोत हे मला कधीच पटलेलं नाही. माझा मामा डोंबिवलीचा, नोकरीभर रोज 7:52 ची पकडली, पावणेआठची नाही, आठची नाही, सात बावन्नची. घरात सगळं त्या बावन्नच्या हिशोबाने, चहा कधी, आंघोळ कधी, पायऱ्या कधी उतरायच्या. हाच मामा घरच्या कार्याला दीड तास उशिरा येणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. आपल्या लग्नपत्रिका बघा, मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा, मिनिट छापलंय चक्क, आणि 12:37 ला नवरीमुलगी अजून खोलीत असते आणि कोणीतरी हौशी काका माईकवर स्वतः रचलेलं सातवं मंगलाष्टक म्हणत असतात. एकच समाज, एकच मामा. लोकल कोणासाठी थांबत नाही, मुहूर्त थांबतो, एवढाच फरक. म्हणून मी कुठल्याही टीममध्ये पहिला प्रश्न हा विचारते की इथे उशीर झाला तर थांबतं कोण आणि त्याचा भुर्दंड कोणाला. संस्कृती वगैरे त्याच्या नंतर.

पण संस्कृती नाहीच असंही नाही. ती आहे, फक्त घड्याळात नाही, बोलण्यात आहे. आई जेवायला हाक मारते, आपण म्हणतो "आलो", चक्क भूतकाळ, आणि आपण अजून खुर्चीतून हललेलो पण नसतो. "निघालोच" म्हणजे टॉवेल खांद्यावर टाकलाय आणि आंघोळीला चाललोय. "झालंच" म्हणजे अर्धं झालंय. "परवा" तर दोन्हीकडे चालतो, गेलेला पण आणि येणारा पण. आपल्याला यात कधी अडचण येत नाही कारण ऐकणारा मनातल्या मनात वजाबाकी करत असतो, "निघालोच" ऐकलं की कोणी दार उघडून उभं राहत नाही. प्रॉब्लेम असा की आपली पोरं इंग्रजीत बोलतात पण काळ मराठीचा वापरतात. "झालंच"चं "ऑलमोस्ट डन" होतं, आणि पलीकडचा माणूस वजाबाकी करत नाही.

एक प्रसंग सांगते, 2011 चा आहे पण मी अजून विसरलेले नाही. मंगळवारचा स्टँडअप, म्हणजे कामाची रोजची छोटी मीटिंग, मधोमध तो कोळ्यासारखा कॉन्फरन्स फोन, आमच्यातला एक हुशार पोरगा म्हणाला ऑलमोस्ट डन, आज ईओडीपर्यंत, म्हणजे दिवस संपेपर्यंत, देतो. खोलीतल्या आम्हा सहाही जणांना माहीत होतं की हे गुरुवारी येणार. जर्मन लीडने वहीत लिहिलं मंगळवार, आणि त्याप्रमाणे बुधवार सकाळसाठी त्यांच्या बाजूचा एक टेस्टर दुसऱ्या प्रोजेक्टमधून मागून घेतला. बुधवारी सकाळी बिल्ड, म्हणजे टेस्ट करायला तयार सॉफ्टवेअर, नाही. कॉलवर मला वाटलं आता हा चिडणार. चिडला नाही, शांतपणे पोराला एकच विचारलं, "काल दुपारी दोन वाजता तुला माहीत होतं का, की आज होणार नाही?" पोरगा प्रामाणिक, म्हणाला हो. "मग मला दोन वाजता का नाही सांगितलंस?" आमच्या खोलीत शांतता. कारण खरं उत्तर असं होतं की वाटलं, रात्री बसून करून टाकू. आणि तो बसला होता हो, रात्री तीनपर्यंत. डोळे लाल. आम्हाला त्याचं कौतुक होतं, इतकं करूनही हा गोरा बोलतो म्हणून राग पण. त्या माणसाच्या बाजूने मात्र चित्र असं होतं, टेस्टर उसना आणलाय तो रिकामा बसलाय, आणि दुसऱ्या प्रोजेक्टवाल्याला आता काय तोंड दाखवू.

तुमचा वाद हाच आहे, मेलमधले शब्द वेगळे आहेत इतकंच. आपल्याकडे रात्र काढणं म्हणजे निष्ठा. त्यांच्याकडे रात्र काढायला लागली म्हणजे कोणीतरी प्लॅनिंगमध्ये चुकलंय आणि ते लपवलंय. तुम्ही जो त्याग म्हणून दाखवताय तो ते पुरावा म्हणून वाचतात. उशीर त्यांच्याकडेही होतो, जर्मन रेल्वेने फिरून आलेल्या कोणालाही विचारा, ते स्वतःच त्या गाड्यांना यथेच्छ शिव्या घालतात. त्यांना खुपतं ते उशिरा कळणं.

हे मला खरं कळलं ते ऑफिसात नाही, जिन्यात. ऑनसाईट, म्हणजे क्लायंटच्या देशात, असताना स्टुटगार्टजवळ राहायचे. त्या भागात केअरवोखे नावाचा प्रकार आहे, म्हणजे इमारतीचा जिना आणि समोरचा फुटपाथ झाडायची पाळी, आठवडा-आठवडा वाटून, ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी टांगलेली असते. माझी पाळी, शनिवार दुपार, खालच्या मजल्यावरच्या आजींनी आठवण केली, मी आपली सवयीने "तासाभरात करते" म्हणून बाजारात गेले कारण रविवारी तिथे दुकानं बंद असतात, दूध-भाजी आणायलाच हवी. आले तीन तासांनी. आजी जिन्यात. मला वाटलं जिना घाण आहे म्हणून रागावल्यात, मी सॉरी सॉरी करत झाडू घ्यायला धावले तर म्हणाल्या, जिन्याचं काही नाही गं, तू सहाला म्हणाली असतीस तरी चाललं असतं, पण तू तासाभरात म्हणालीस म्हणून मी धाकट्या बहिणीकडे जायची थांबले, पुसलेल्या ओल्या जिन्यावरून उतरायला नको म्हणून. म्हणजे माझं "तासाभरात" त्यांनी खरंच साठ मिनिटं म्हणून घेतलं आणि त्यावर स्वतःची दुपार बांधली. मला तर मी तासाभरात म्हणाले होते हे आठवतही नव्हतं.

आता जर्मनांबरोबर रोजच्या कामात जे छोटे खड्डे आहेत ते भराभर सांगून टाकते. ते आठवड्यांच्या नंबरात बोलतात, "कावे 32 मध्ये देऊ", कावे म्हणजे कॅलेंडरचा आठवडा, वर्षाचा बत्तिसावा, सोमवारपासून मोजायचा. आपल्या पोरांना हे कोणी सांगत नाही आणि विचारायला लाज वाटते, म्हणून सगळे माना डोलावतात. कॅलेंडरमध्ये आठवड्याचे नंबर दाखवायची सेटिंग आजच ऑन करा. दुसरं, त्यांच्यात "हाल्ब फिअर" म्हणजे शब्दशः अर्धा चार, आणि अर्थ साडेतीन, चारकडे जाताना अर्धी वाट. इंग्रज माणूस "हाफ फोर" म्हणतो तेव्हा मात्र साडेचार असतात. थकलेला जर्मन कॉलवर हाफ फोर म्हणाला की त्याला दोन्हीपैकी काय म्हणायचंय हे त्यालाच विचारा, लाजू नका. आणि संध्याकाळी त्यांचा फायरआबेंड झाला, म्हणजे दिवसाचं काम संपलं, की संपलं. यात शिष्टपणा नाही, तिथल्या कायद्याने एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग 11 तास विश्रांती द्यावी लागते, रात्री दहाला कॉलवर घेतलेला माणूस सकाळी नऊच्या आधी कामाला येऊ शकत नाही. पुणेकरांना खरं तर हे सगळ्यात आधी कळायला हवं, एक ते चार दुकान बंद म्हणजे बंद ही परंपरा आपलीच की!

आणि सगळे "वेळेचे पक्के" लोक एका जातीचे असतात असंही समजू नका. माझ्याकडे चार वर्षं जपानी क्लायंट होता. त्यांचे दहा म्हणजे आपले सकाळचे साडेसहा, आणि सव्वासहानंतर कधीही जॉईन व्हा, ते लोक आधीच बसलेले. ज्या देशात 2017 मध्ये त्सुकुबा एक्सप्रेस 20 सेकंद आधी सुटली म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली तिथे याचं नवल नाही. पण त्याच लोकांना एका स्क्रीनवरचं बटण उजवीकडून डावीकडे न्यायचा निर्णय द्यायला तीन आठवडे लागले. आम्ही वैतागलो, दर दोन दिवसांनी स्मरणपत्र, उत्तर येई विचार चालू आहे. त्यांच्यात नेमावाशी नावाची पद्धत आहे, मूळ शब्द बागकामातला, झाड हलवायच्या आधी त्याच्या मुळांभोवती हळूहळू मोकळं करून घेणं. मीटिंगच्या आधीच प्रत्येकाला एकेकटं भेटून कोणाची काय हरकत आहे ते काढून घेतात, त्याला वेळ लागतो तो लागतो, पण एकदा ठरलं की मग ते बटण पुन्हा कधी हललं नाही. अमेरिकन साहेबाबरोबर नेमकं उलटं, बटणाचा निर्णय त्याच कॉलवर, दोन मिनिटांत, आणि पुढच्या गुरुवारी दुसरा निर्णय. दोघंही स्वतःला वेळेची कदर करणारे म्हणवतात, आणि दोघंही खरं बोलतात, एक चुकीचं काम परत करायचा वेळ वाचवतो, दुसरा ठरवायचा.

म्हणून कोणी तारीख दिली की मी आता मनात विचारते, ही कुठल्या जातीची तारीख. जर्मन माणूस देतो ती सही केल्यासारखी. अमेरिकन देतो ती बरेचदा बोली लावल्यासारखी, हुकली तर लगेच फोन करून दुसरी ठरवू, त्यात कोणाचा अपमान नाही. जपानी उशिरा देतो पण दिली की दिली. आणि आपण देतो ती समोरच्याला बरं वाटावं म्हणून. साहेब विचारतो, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे. त्या "ना"मध्येच सगळं आलं, नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा, मग पोरगा "होऊन जाईल" म्हणतो. आणि मग शुक्रवारी आपण चकित होतो. तुम्ही लीड आहात ना, मग हा "होईल ना" आजपासून तुमच्या तोंडातून काढून टाका. त्याऐवजी विचारा, "शुक्रवारी नाही झालं तर कशामुळे अडलं असेल?" बघा पोरं किती भडाभडा बोलतात, टेस्ट डेटा मिळाला नाही, ॲक्सेस नाही, ते जुनं मॉड्यूल कोणालाच नीट कळत नाही. दोन मिनिटांपूर्वी याच पोरांनी मान डोलावलेली असते.

आता मेक्सिको.

2023 ची गोष्ट. आमची एक टीम ग्वादालाहाराला, रोजचा कॉल ईस्ट कोस्टच्या सकाळी नऊचा, कारण कॅलेंडर अमेरिकन साहेबाचं. हिवाळ्यात ते आमचे संध्याकाळचे साडेसात, जर्मनीचे दुपारचे तीन आणि मेक्सिकोचे सकाळचे आठ. व्यवस्थित चालू होतं. मार्चमध्ये मेक्सिकोवाले उशिरा यायला लागले, रोज आठ-दहा मिनिटं, कॅमेरा बंद, कोणीतरी मागे पोराला ओरडतंय. आमच्यात लगेच कुजबुज, "हे लोक ना, अहोरीता कल्चर". अहोरीता हा त्यांचा शब्द, म्हणजे आत्ता लगेच, किंवा थोड्या वेळाने, किंवा कधीच नाही, आपलं "आत्ता आलो"चं सख्खं भावंड. मीही हसले होते, लपवत नाही. मग मे महिन्यात त्यांच्या लीडने मला वेगळं गाठून सांगितलं, तेव्हा मी कागद-पेन घेऊन बसले. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते. मेक्सिकोने बहुतेक देशापुरतं हे घड्याळ बदलणं ऑक्टोबर 2022 मध्ये बंदच करून टाकलं होतं. त्यामुळे साहेबाचे नऊ नऊच राहिले, आमचे साडेसाताचे साडेसहा झाले, आम्ही खूश, लवकर घरी जायला मिळतंय, आणि त्यांचे आठाचे सात झाले. सकाळचे सात! त्या चौघांपैकी तिघांना लहान मुलं, शाळेला सोडायची हीच वेळ. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं, कॅलेंडरने परस्पर केलं होतं. आणि दोन महिने ते लोक काही बोलले नाहीत, कारण पैसे देणाऱ्याने ठेवलेला कॉल, मग कसं बोलणार. ओळखीचं वाटतंय ना? तुमची पोरं रात्री अकरापर्यंत बसतात ते तरी कधी कोणाला म्हणालीत की नको.

म्हणून तुमची ती शेवटची ओळ. स्टुटगार्टवाल्याने तुमच्याबद्दल जे लिहिलं ते वाचून तुम्हाला जे झालं, तेच तुम्ही एका ओळीत त्या मेक्सिकोवाल्यांना केलंय. आधी बघा तुमचा कॉल त्यांच्याकडे किती वाजता पडतो, आणि मार्चनंतर तो सरकलाय का. पैज लावून सांगते, सरकलेला असणार.

हे कोणाचं घड्याळ खरं मानायचं हे भांडण आपल्याला काही नवीन नाही. 1906 साली इंग्रजांनी देशभर स्टँडर्ड टाईम लावला तेव्हा मुंबईला तो पचला नाही, मुंबईचा स्वतःचा टाईम 39 मिनिटं मागे होता आणि तो पुढे कित्येक दशकं टिकला, वेळ सांगताना मुंबई टाईम की स्टँडर्ड असं विचारायला लागायचं. आपण आता ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तासांवर सुखाने बसलोय आणि हे विसरून गेलोय. असो.

तर करायचं काय. ट्रेनिंगच्या आधी एक काम करा, पुढच्या स्प्रिंटपासून, म्हणजे कामाच्या पुढच्या ठरलेल्या टप्प्यापासून, टिकेटवर (कामाच्या नोंदीवर) प्रत्येक तारखेच्या पुढे एक शब्द लिहायला लावा. आमच्या टीममध्ये मराठीतच तीन शब्द आहेत, पक्की, अंदाज आणि बघू. "पक्की" म्हणजे यावर दुसऱ्याने स्वतःची दुपार बांधली तरी चालेल. "अंदाज" म्हणजे आज जे माहीत आहे त्यावरून, उद्या दुपारी परत सांगेन. "बघू" म्हणजे बघू, उगाच तारीख लिहायचीच नाही. बाहेर पाठवताना त्याचं इंग्रजी करतो, पण आत हेच शब्द ठेवलेत कारण "बघू" लिहिताना पोरांना जितकं मोकळं वाटतं तितकं इंग्रजीत वाटत नाही. पहिले दोन आठवडे सगळंच "पक्की" येईल, सवय आहे, मग तुम्हीच चार-पाच उचलून "अंदाज" करा आणि जर्मन माणसाला स्वतः सांगा. त्याला आवडेल बघा. मी घाबरले होते की तो म्हणेल हे काय, तर तो म्हणाला चला, निदान आता मला कळतंय की कशावर अवलंबून राहायचं नाही.

दुसरं ते दुपारी दोनचं. नियम करा की ज्या क्षणी "पक्की"बद्दल शंका आली त्या क्षणी तीन ओळी लिहायच्या: आज होणार नाही, नवीन वेळ अमुक, तुमचं यामुळे काय अडतंय ते सांगा. सॉरीचा निबंध नको. कारणांची यादी तर अजिबात नको, आपल्याला वाटतं कारण सांगितलं की समोरचा विरघळेल, त्याला ती पळवाट वाटते. आणि रात्री बसून केलंत तर ते मिरवू नका, उलट सांगा की एस्टिमेट चुकलं होतं, पुढच्या वेळी दोन दिवस जास्त धरू. बफर, म्हणजे जादा धरलेले दिवस, लपवूनही ठेवू नका. आपल्याकडे पाचचे सात सांगायचे आणि साहेब त्याचे पाच करणार हे दोघांना माहीत असतं, भाजी घेतल्यासारखं. जर्मनाला सात सांगितलेत तर तो सातच धरतो, आणि नंतर पाचात झालं तर खूश होण्याऐवजी विचारतो मग सात का सांगितले होते.

वेळा लिहिताना वार, तारीख, महिन्याचं नाव आणि कोणत्या शहराची वेळ हे चारही लिहा. 4/5 असं लिहाल तर अमेरिकन 5 एप्रिल वाचणार आणि बाकीचे सगळे 4 मे. "ईओडी" आणि "एंड ऑफ वीक" हे शब्द तर मी टीममध्ये बंदच केलेत, कारण कॅलिफोर्नियाच्या शुक्रवारी संध्याकाळचे पाच म्हणजे उन्हाळ्यात आपले शनिवारी पहाटेचे साडेपाच, आणि तो शनिवार नेहमी आपलाच जातो. आणि मीटिंग "प्रीपोन" केली असं परदेशी माणसाला लिहू नका, तो शब्द आपला आहे, त्याला तो ठाऊक असेलच असं नाही.

सुट्ट्यांची यादी डिसेंबरातच पाठवा. गणपती आणि दिवाळी दर वर्षी सरकतात हे त्यांना खरंच माहीत नसतं, त्यांचा नाताळ कुठे हलतो. एका वर्षी आमच्याकडे रिलीज नेमका विसर्जनाच्या दिवशी आला, जर्मन लीड म्हणाला एक दिवसाची सुट्टी ना, मग दुसऱ्या दिवशी सकाळी करू. त्याला सांगायला लागलं की पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालू असते आणि आमचे दोन डेव्हलपर ढोल पथकात आहेत. त्याने आधी विचारलं ढोल किती वजनाचा असतो, मग रिलीज पुढे ढकलला, आणि पुढच्या वर्षी स्वतःहून विचारलं की मिरवणूक कधी आहे. हे जानेवारीत सांगितलं तर सण असतो, आदल्या दिवशी सांगितलं तर बहाणा. तसंच त्यांच्या ऑगस्टचं, अर्धं ऑफिस सुट्टीवर असतं, तेव्हा निर्णय मागू नका.

कॉलची वेळ. चार ठिकाणं असली की सगळ्यांना बरी अशी वेळ नसते, कोणीतरी मरणारच, म्हणून ते मरण वाटून घ्या. आम्ही दर तिमाहीला वेळ फिरवतो, एक तिमाही आम्ही उशिरा, एक तिमाही मेक्सिको लवकर, आणि एक तिमाही अमेरिकन साहेब सकाळी सातला उठून येतो. हे शेवटचं मिळवायला मला आठ महिने लागले. त्याने केलं ते पण संस्कृती समजली म्हणून नाही, मी त्याला चारही शहरांची वेळ मांडलेला एक तक्ता दाखवला, त्यात गेल्या वर्षभरात त्याच्या रकान्यात सगळं नऊ ते पाचच्या आत होतं आणि बाकी तिघांच्या रकान्यांत लाल. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला पाठव मला. तुम्ही हा तक्ता आधी करा, तासाभराचं काम आहे. (पक्की.)

आता त्या मेलचं उत्तर. सीसीतल्या सगळ्यांना देऊ नका, फोन करा, त्यांच्या सकाळी दहाच्या सुमारास, आधी कॅलेंडरवर पंधरा मिनिटं मागून. आम्ही रात्री अकरापर्यंत बसतो हे वाक्य बोलायचं नाही. विचारायचं, गेल्या दोन महिन्यांत आमच्या कुठल्या तीन तारखांवर तुम्ही काहीतरी बांधलं होतं जे पडलं? तो सांगेल, वहीत लिहिलेलं असतं त्यांच्या. त्या तीनपैकी बहुधा दोन तुमच्याकडे कोणाच्या लक्षातही नसतील. तिथून सुरुवात करा.

आणि एक, तो त्यांच्या दहाचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी दीडला येतो, ऐन डब्याच्या वेळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपचं घड्याळ मागे गेलं की सोमवारपासून तोच कॉल अडीचला, पण अमेरिका त्यानंतर आठवड्याने बदलते आणि मेक्सिको बदलतच नाही, त्यामुळे त्या एका आठवड्यात चौघांचं नेहमीचं गणित बिघडतं. तो आठवडा आत्ताच कॅलेंडरमध्ये लाल करून ठेवा, आणि तोवर डबा एकला खाऊन घ्या.